नमुना क्रमांक तीन

खऱ्या कलेला एकदा तरी अग्नीतून जावं लागतं, आणि त्यानंतर जे उरतं तेच तिचं खरं मोल, हे मी आता अनुभवानं सांगू शकते. अनुभव एकाच दिवसाचा आहे. साताऱ्याहून सकाळी सहाच्या एसटीनं पुण्याला जाऊन संध्याकाळी परत येण्याएवढा. आणि जे उरलं ते एका प्लास्टिकच्या पुडीत माझ्या टेबलाच्या खणात, स्टेपलरच्या शेजारी आहे.

कागदोपत्री मी हस्तकला डिझायनर आहे. माझे सासरे पाहुण्यांना सांगतात, "सून घोंगड्यांचं बघते." दुसरं वर्णन जास्त अचूक आहे. म्हसवडच्या बाजूच्या विणकरांकडून घोंगडी, आसनं, उशांचे अभ्रे करून घ्यायचे आणि शहरातल्या माणसाला ते घ्यावेसे वाटावेत एवढा त्यात फरक करायचा, हे माझं काम. हा फरक म्हणजे बहुतेक वेळा एक रेघ कमी करणं असतं. त्यासाठी मी पाच वर्षं शिकले.

तर पाटणच्या पुढे, कोयनेच्या पाण्याकाठी, एक मोठं रिसॉर्ट होत होतं. त्यात ध्यानकक्ष होता आणि ध्यानकक्षात चाळीस आसनं लागणार होती. पाटण साताऱ्याहून दीड-दोन तासांवर. पण पाटणच्या जमिनीवर काय अंथरायचं हे पुण्यातच ठरू शकतं, त्यामुळे रिसॉर्टचं ऑफिस बाणेरला होतं आणि त्यांचा एक सल्लागार होता. हा सल्लागार व्हिडिओ कॉलवर भेटायचा. त्याच्या मागे नेहमी एक रिकामी भिंत असायची, आणि ती रिकामी ठेवायला बराच खर्च आला असावा अशी होती.

पहिला नमुना त्यानं दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहिला, कुरिअरनं पाठवला होता तो. म्हणाला, "मॅम, सुंदर आहे. पण ह्यात मेमरी नाहीये."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे खूप नवीन वाटतंय. कुणीतरी वर्षानुवर्षं बसलंय, असं फील यायला पाहिजे."

दुसऱ्या नमुन्यात मी कडा थोड्या मऊ करून पाठवल्या. त्यात मेमरी होती, पण कमी होती. तिसरा मी स्वतः घेऊन यावा आणि मालकांसमोर ठेवावा, असं ठरलं. शुक्रवारी, दुपारी बारा वाजता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मधे एक खड्डा होता.

घोंगडीचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं पावड्या दाबतो. माझे सगळ्यात चांगले विणकर म्हणजे म्हसवडजवळच्या एका गावातले सत्तरीचे बाबा. त्यांचा खड्डा घराच्या पुढच्या खोलीत आहे. मुलगा फौजेत. गेल्या सुट्टीत त्यानं घराला फरशी बसवायची ठरवली, आणि सुनेला पुढच्या खोलीत फ्रीज ठेवायचा होता. तिचंही काही चूक नव्हतं. पाहुणे आले की त्यांना खड्ड्याला वळसा घालून बसावं लागायचं, आणि एक व्याही तर थेट खड्ड्यातच उतरले होते. माग वर्षातून चार महिने चालणार आणि बाकीचे आठ महिने घरात नुसता खड्डा, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा नव्हता. चाळीस आसनांचं काम मिळालं तर खड्डा राहणार, नाहीतर बुजवून वर फरशी बसणार. मी तिसऱ्या नमुन्यासाठी गेले तेव्हा बाबांनी एवढंच सांगितलं, "बाई, फुडल्या शुक्रवारच्याला काय ते सांगा. सोमवारी गवंडी हाय."

मग मी भीत भीत त्यांना मेमरीचं सांगितलं.

"आवं, नवं आसन जुनं करायचं म्हंजी?" बाबा म्हणाले. "आमच्यात वीस वरसं बसत्यात मग हुतंय जुनं. त्यास्नी म्हणावं, थांबा की वीस वरसं."

"ते दिवाळीनंतर उघडणार आहेत."

बाबांची बायको आत चरख्यावर होती. तिकडूनच म्हणाली, "मग ह्यास्नीच न्हेऊन ठिवा तितं. लय जुनं हायती."

आसन मी साताऱ्याला आणलं आणि गच्चीवर आठ दिवस जुनं केलं. उन्हात तापवलं, फिक्क्या चहाच्या पाण्यातून काढलं, पाय घासायच्या दगडानं कडा झिजवल्या. सासऱ्यांना रोज सकाळी पेपर वाचायला त्यावर बसवलं. ते म्हणाले, टोचतं. मी म्हटलं, पुण्याच्या मालकांसाठी आहे. मग ते बसले, पण अग्रलेख उभ्यानं वाचू लागले. शेवटी मी उदबत्तीनं तीन बारीक डाग पाडले, कुण्या जुन्या माणसाच्या विडीची ठिणगी पडावी तसे. खरं सांगायचं तर काम नामी झालं होतं. ते आसन माझ्यापेक्षा वयानं मोठं वाटत होतं. त्याला मी सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आणि लाल शाईनं आकडा घातला: ३.

शुक्रवारी निघताना माझ्याकडे दोन बोचकी होती. एक गुंडाळलेला नमुना, पोत्याच्या कापडात. दुसरी खांद्याची पिशवी. तिच्यात कागदपत्रं, बदलायची साडी, मावशीनं तिच्या मुलासाठी दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भडंग, आणि एक कोरं आसन. हे कोरं आसन बाबांच्या बायकोनं त्या दिवशी म्हसवडहून निघताना माझ्या हातात कोंबलं होतं, "बशीत बसाया. फाटक्या शिटा असत्यात." ते मी पुण्यापर्यंत खाली घेऊन बसले. सीट खरोखरच फाटकी होती.

मावशीचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ, विट्याचा. विट्याकडची माणसं देशातल्या कुठल्याही सराफी पेठेत भेटतात. सोनं गाळायचा, म्हणजे गलाईचा त्यांचा धंदा. ह्याचं दुकान पुण्यातल्या जुन्या पेठेत आहे. पुढे गादी आणि तराजू, मागे भट्टी. एसटीतून उतरून तसंच बाणेरच्या ऑफिसात गेलं तर डिझायनर म्हणून कोणी ओळखत नाही, म्हणून मी आधी त्याच्याकडे जाऊन तोंड धुते, साडी बदलते आणि मग जाते.

"आक्का, ये ये," तो म्हणाला. "पयला नाष्टा. साडी मागनं बदल. कुणी बगत न्हाई."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दिवाळीच्या तोंडावर सोनार दुकानं झाडतात, आणि झाडलेलं सगळं गलाईवाल्याकडे येतं. केर, कुंचे, पायपुसणी, बसायच्या जुन्या चटया आणि आसनं. वर्षानुवर्षं कानशीचा बारीक भुगा त्यांत मुरलेला असतो. ते सगळं जाळायचं, राख चाळायची, मुशीत वितळवायची आणि निघेल ते सोनं गिऱ्हाइकाला द्यायचं. ज्याचं त्याला मिळावं म्हणून प्रत्येक वस्तूला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर आकडा.

मी माझा नमुना भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याच्याबरोबर नाष्ट्याला गेले.

ह्यापुढचं हुशार वाचकाला कळलंच असेल. मला कळायला पाऊण तास लागला.

परत आलो तेव्हा पेठेच्या तोंडापासूनच वास येत होता. केस जळल्यासारखा, वर किंचित आंबट. कापड ओळखायला आम्हाला कॉलेजात धागा जाळून बघायला शिकवतात, त्यामुळे हा वास आला की माझ्यातली विद्यार्थिनी जागी होते. मी दुकानाच्या पायरीवरच थांबले आणि मावसभावाला म्हणाले, "हे बघ, ही अस्सल लोकर आहे. एक धागासुद्धा मिसळीचा नाही. आपल्याकडच्या काळ्या मेंढीची. आणि हा आंबट वास येतोय ना, ती चिंचोक्याची खळ. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावतात. असं काम आता फार थोडे लोक करतात."

"आसं व्हय," तो कौतुकानं म्हणाला. "लय कळतंय की आक्का तुला."

"ज्यानं कोणी हे जाळायला दिलं, त्याला काय दिलंय ते माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

मग मी आत गेले आणि भिंत बघितली. भिंतीला काही टेकलेलं नव्हतं.

भट्टीवर आमच्याच गावाकडचे एक काका असतात, तीस वर्षं ह्या धंद्यात. मी विचारलं, "काका, इथं एक आसन होतं."

"तीन लंबर? लावलं की," काका म्हणाले. "अर्धा तास झाला."

मावसभावानं डोक्याला हात लावला. "आवं काका, ते आक्काचं हुतं! नवं हुतं ते!"

"नवं?" काका चिमटा हातात घेऊन बाहेर आले. त्यांना राग आला नव्हता, अपमान झाला होता. "मला शिकवू नगंस. तीस वरसं आसनं बगतूय मी. कडा झिजल्याल्या. मधी बसून बसून दबल्यालं. आन सोनाराच्या दिव्याचं तीन डाग. वीस वरसं तरी बसल्यालं आसन हाय ते."

"उदबत्तीचे," मी म्हणाले.

"काय?"

"डाग. उदबत्तीचे होते. आणि वीस वर्षांचं दिसावं असंच ठरलं होतं."

काकांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "कुणी केलं?"

"मी."

"लय भारी काम," ते म्हणाले, आणि आत गेले.

माझ्या कामाचं एवढं निखळ कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालेलं नाही. जाणकारानं केलं होतं आणि पुराव्यासकट केलं होतं. फक्त वेळ चुकली. अकरा वाजायला आले होते आणि बाराला मालकांसमोर नमुना ठेवायचा होता.

मावसभाऊ मागे लागला, उद्या जा, फोन कर, तब्येत बिघडली म्हण. मालक उद्या परदेशी चालले होते. रिक्षात बसले तेव्हा मला ध्यानकक्ष दिसत नव्हता, गवंडी दिसत होता. घमेलं, थापी, आणि खड्ड्यात पडणारं पहिलं दगडगोट्याचं टोपलं. मी सल्लागाराला फोन करून सांगायचा प्रयत्न केला की नमुना जळला. त्याचा फोन बंद होता. बैठकीआधी तो मौन पाळायचा.

ऑफिसच्या काचेत मला माझं रूप दिसलं. साडी बदलायची राहूनच गेली होती.

बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर तीनच शब्द होते: मौन. माती. माणूस. सल्लागार त्या शब्दांपुढे वीस मिनिटं बोलला. त्यात मौनाला सगळ्यात जास्त वेळ लागला. मालक साठीचे, जाडसर, शर्टाच्या बाह्या दुमडलेले गृहस्थ होते. ते पूर्ण वेळ टेबलाखाली एक गुडघा दाबत होते.

"आणि आता," सल्लागार म्हणाला, "ज्यात वीस वर्षांची मेमरी आहे, असं एक आसन."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी म्हणाले, "ते सकाळी जळालं."

"म्हणजे, सिम्बॉलिकली?"

"नाही. भट्टीत."

मग मी पिशवीत हात घातला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि एसटीत बसायला घेतलेलं कोरं आसन काढून त्या चकचकीत जमिनीवर अंथरलं. काळंभोर, कडेला एक पांढरी रेघ. तीसुद्धा मी कमी केलेली नव्हती. खोलीत मेंढीचा वास पसरला. एका कोपऱ्यात रुपयाएवढा नारिंगी डाग होता.

सल्लागार वाकून बघू लागला. त्याला पुन्हा उमेद आली असावी. "हा डाग? हा कारागिराचा ठसा आहे का?"

खोटं बोलायचा मोह एक क्षण झाला, पण त्या दिवसापुरती माझी कल्पकता भट्टीत गेली होती. "चटणी आहे," मी म्हणाले. "शेंगदाण्याची. पिशवीत सांडली."

मालक हसले. मग उठले, बूट काढले, आणि कोणी काही म्हणायच्या आत टेबलाला धरून खाली बसले. मांडी घातली. दोनदा हलून बघितलं.

"टोचतंय," ते म्हणाले.

मला गच्चीवर उभ्यानं अग्रलेख वाचणारे सासरे आठवले. "टोचतं," मी म्हणाले. "पहिले पाच-सहा महिने टोचतं. मग बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणं होतं."

"म्हणजे ह्यावर झोप लागणार नाही?"

"अजिबात नाही."

मालक सल्लागाराकडे वळले. "मागच्या महिन्यात तुम्ही मला त्या शिबिराला नेलंत. मऊ गाद्या होत्या. माझ्यासकट निम्मी मंडळी घोरत होती. ध्यानाला हे पाहिजे." मग मला म्हणाले, "चाळीस द्या. अशीच, नवी. जुनी आमची आम्ही करू. कोण विणतं?"

मी बाबांबद्दल सांगितलं. खड्ड्याबद्दलही सांगितलं, गवंड्याबद्दल सांगितलं नाही. सल्लागारानं वहीत काहीतरी लिहिलं. पुढे रिसॉर्टच्या माहितीपत्रकात मी ते वाचलं: ही आसनं साधकाला सजग ठेवतात. ह्यात काहीही खोटं नाही.

मालकांना उठवायला दोन माणसं लागली, पण काम बसल्या बसल्या मिळालं होतं.

रिक्षा मिळायच्या आधीच मी म्हसवडला फोन लावला. तो बाबांच्या बायकोनं उचलला. "आवं, पुन्याची बाई हायती," ती ओरडली. पुण्याची बाई होणं मला त्या दिवशी पहिल्यांदाच चाललं.

"बाबा, मिळालं. चाळीस. नवीच पाहिजेत."

बाबा म्हणाले, "नवीच?"

"नवीच."

"शाना माणूस दिसतूय." आणि लगेच म्हणाले, "मग गवंड्याला काय सांगू? सोमवारी याचा हाय."

"नको म्हणून सांगा."

"नगं कशाला? यितूय तर मागच्या भित्तीला गिलावा करून घितो. आन फ्रीज त्या कोपऱ्यात ऱ्हाईल." मागून सुनेचा आवाज आला, त्या कोपऱ्यात प्लग नाही म्हणून. "प्लग बशीवता यील," बाबा तिला म्हणाले. "खड्डा न्हेऊन कुटं बशीवणार?"

मग मी त्यांना भट्टीचं सांगितलं. इतकं हसू त्या माणसाच्या पोटात असेल असं मला वाटलं नव्हतं. बायकोला सांगितलं, सुनेला सांगितलं, दारातून चाललेल्या कुणाला तरी हाक मारून सांगितलं.

"बरं झालं जळालं," मला म्हणाले. "माझ्यानं ते बगवत नव्हतं. नव्या नवरीचं क्यास पांढरं करावं, तसलं काम." आणि मग धंद्याची रीत ठाऊक असलेल्या माणसाच्या गंभीर आवाजात विचारलं, "पर बाई, निगालं काय त्यातनं?"

चारच्या सुमारास मी सकाळी द्यायची राहिलेली चटणी पोचवायला पुन्हा मावसभावाच्या दुकानात गेले. सकाळपासून त्याचा चेहरा उतरलेला होता. काम मिळालं म्हटल्यावर त्यानं लगेच पेढे मागवले आणि त्यातले निम्मे काकांनी खाल्ले. मी निघाले तेव्हा काकांनी मला थांबवलं. जी वस्तू चिठ्ठीनिशी भट्टीवर आली, तिची राख आणि हिशेब मालकाच्या हातात दिल्याशिवाय ती दुकानातून सुटत नाही. मग ती चुकून आलेली असो, नाहीतर पाहुण्याची. काकांनी माझं आसन दुपारभर रीतसर हाताळलं होतं. राख चाळली होती, मुशीत घातली होती, तेजाबात तपासली होती. उरलेली राख पुडीत बांधून त्यांनी माझ्या हातात दिली आणि वर दुकानाची छापील पावती.

ती पावती मी त्याच खणात जपून ठेवली आहे. नंबर तीन. लोकरीचं जुनं आसन, एक. राख तेवीस ग्रॅम. सोनं नाही. चांदी नाही. मजुरी घेतली नाही.